जूनच्या आधीचं कॉलेज

राजिवडा, रत्नागिरी
ता. २५ एप्रिल १९५४

भाई मुसा यास,

थोरल्या बहिणीचा, फातिमाचा सलाम. इकडे मी ठीक आहे, गुडघा सोडून. तू आणि हमिदा मुंबईत खुशाल असाल असं धरून चालते. तुझं पत्र आखूड होतं, त्यावरून ओळखलं. काही बिघडलं की पुरुषांची पत्रं लांबतात. मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांची पत्रं मीच वाचते आणि मीच लिहिते, तेव्हा एवढं मला कळतं.

तुझी पोरगी सईदा पोचली. तिच्या मामूने गुहागरहून आणून सोडली, चहा प्याला आणि उभ्या उभ्या परत गेला. आईवेगळी पोर इतकी वर्षं सांभाळली, आता बापाच्या बहिणीच्या दारात ठेवली की सुटलो, असा त्याचा चेहरा होता. मी तिला पाळण्यात पाहिली होती, त्यानंतर आत्ता. उंची तुझी, नाक अमिनाचं. बोलणं कोणाचं ते अजून कळलं नाही, कारण ती बोलतच नाही. सांगितलं तर विहिरीवरून पाणी आणते, नाही सांगितलं तर खिडकीशी पुस्तक घेऊन बसते. मासे साफ करायला दिले तर एका सुरमईला तासभर लावला. अशा पोरीला तू कॉलेजात घालणार. घाल. तसंही स्वयंपाकघरात तिचा उपयोग नाही.

पण मुसा, हे कॉलेज तरी काय प्रकार आहे ते तू नीट विचारलं होतंस का? तिच्या हेडमास्तराने चार गोड ओळी लिहिल्या आणि तू पाघळलास. मॅट्रिकचा निकाल जूनमध्ये. कॉलेज उघडणार जूनमध्ये. मग एप्रिल-मेमध्ये ही पोरं वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर उन्हात काय करतात? तर म्हणे उन्हाळी वर्ग. हल्ली शाळेत इंग्रजी उशिरा सुरू होतं, आणि कॉलेजात तर सगळंच इंग्रजीत. खेड्यातली पोरं बाकावर खुळ्यासारखी बसून राहतात आणि दिवाळीला गाशा गुंडाळतात. म्हणून यंदा कोणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं की पोरांना महिना-दोन महिने आधीच बोलवावं आणि कानाला सवय करावी. पास की नापास याचा पत्ता नाही, आणि ही कॉलेजात निघाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

पहिल्या दिवशी मीच तिला घेऊन गेले. पाय भाजत होते. दारात एक प्रोफेसर उभा, फणसळकर नावाचा. ऐन उन्हाळ्यात अंगात कोट. इंग्रजी बोलतो ते तोंडात गरम आठळी धरल्यासारखं. पोरं साठेक असतील. निम्मी टोपीवाली, घाबरून भिंतीला चिकटलेली. निम्मी गावातल्या वकील-डॉक्टरांची, विजारीत हात घालून टोपीवाल्यांना हसणारी. मुली तीन. त्यांतली एक कमळा नावाची वकिलाची मुलगी, छत्री घेऊन आली होती. घर समोर आहे तिचं. रस्ता ओलांडायला छत्री.

प्रोफेसर मला मराठीत म्हणाला, आम्ही मुलांना आधीच पाण्यात सोडतो, म्हणजे जूनमध्ये बुडत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे पोहायला वर्ग काढत नाहीत, होडीवरून ढकलतात. तर तो हसला. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

आठवडा झाला. रोज संध्याकाळी येते, पाय धुते, गप्प बसते. काल विचारलं, काय शिकवलं? म्हणाली, "मना काय समाजला नाय, फुफी." परवा विचारलं होतं तेव्हाही हेच. निदान खोटं बोलत नाही. हा गुण तुझ्याकडून आलेला नाही.

तू लिहिलंस, आपा, तूच पारख. पोरगी खरंच शिकण्यासारखी असेल तर पुढे शिकवू, नसेल तर मेअखेर, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीत बसवून दे. मी काय मासळीची व्यापारी आहे, कल्ले उचलून बघायला? आणि पुन्हा हे तू तिलाही कळवून ठेवलंस. आता ती माझ्याकडे अशी बघते, जशी काही मीच तिचा पेपर तपासणार आहे. जेवताना मीठ कमी म्हटलं तरी दचकते. बापाने करायची गोष्ट माझ्या गळ्यात टाकलीस. ठीक आहे. बघते आणि जे दिसेल ते लिहिते. आत्तापर्यंत दिसलं त्यावरून तरी तू तिकिटाची सोय करून ठेवावीस हे बरं.

हमिदाला तेल लावायला सांग. तिचं पोट किती दिसतं ते तू कधी लिहीत नाहीस.

तुझी आपा,
फातिमा

*

राजिवडा, रत्नागिरी
ता. १८ मे १९५४

भाई मुसा यास फातिमाचा सलाम.

तुझं पत्र मिळालं. त्याचं उत्तर पुढे देते. आधी इकडचं.

रोजे चालू आहेत आणि ऊन असं की भिंतीचा चिरा हाताला चटका देतो. आगोटीची, पावसाआधीची कामं अंगावर आहेत. सुकी मासळी उलटून पालटून वाळवायची, जळणाची फाटी आत रचायची, छपराचे झाप बदलायचे. झाप बदलायला माणूस येतो म्हणून सांगून तीनदा आला नाही. चौथ्यांदा आला आणि म्हणाला, रोजा आहे, वर चढवत नाही. तुझी पोरगी रोजा धरून रोज सडा चढते आणि उतरते. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला ती जवान आहे. उंटावरून शेळ्या हाकणारे या गावात कमी नाहीत.

वर्गात आता नवीन तऱ्हा चालू आहे. प्रोफेसर तासभर इंग्रजीत बोलतो, पोरांनी ऐकता ऐकता उतरवून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून तेच मराठीत सांगायचं. पाठ करून चालत नाही, समजून सांगावं लागतं. त्याची तालीम माझ्या डोक्यावर होते. मी अंगणात बांगडे पसरते आणि ही पायरीवर बसून मला इंग्लंडच्या राजाची गोष्ट सांगते. त्या राजाने म्हणे लोकांचं ऐकलं नाही, लोकांनी त्याच्यावर खटला भरला आणि चौकात त्याचं डोकं उडवलं. मी म्हटलं, मला त्याचं काय? त्या राजाची मी कोण लागते? दुसऱ्या दिवशी तिने गोष्ट पुढे सांगितली नाही, तर मीच विचारलं, मग गादीवर कोण बसला? हे विचारलं ते उन्हात काम करताना वेळ जावा म्हणून. तू भलता अर्थ घेऊ नकोस.

आधी ती तीन वाक्यं सांगायची आणि अडायची. आता अर्धा तास सांगते. मध्येच मी अडवलं आणि म्हटलं, हे असं कसं झालं, तर पळत आत जाते, लिहिलेलं बघते आणि येऊन म्हणते, फुफी, तू बरोबर अडवलंस, माझं ऐकायचं राहिलं होतं. मग दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन प्रोफेसरला विचारते. फणसळकर म्हणे खूश होतो. त्याला काय, कोणीही प्रश्न विचारला की तो खूश होतो, बाकीची पोरं झोपतात म्हणून.

कमळाच्या आईने एक दिवस सगळ्या वर्गाला कोकमाचं सरबत पाठवलं. हिने घेतलं नाही. प्रोफेसरने सगळ्यांदेखत विचारलं, का नको? तर ही उठून इंग्रजीत म्हणाली, माझा रोजा आहे, सर. तिच्या तोंडून वर्गात निघालेलं हे पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य. फणसळकर इतका ओशाळला, की स्वतःचा पेला तसाच परत पाठवला. वकिलाच्या कमळाला रोजा म्हणजे एकादशीची बहीण वाटते. तिने हिला बाजूला घेऊन विचारलं, साबुदाणा चालतो का? त्यावर दोघी हसत बसल्या म्हणे. आता ती छत्री धरून हिला खालच्या ओढ्यापर्यंत, पऱ्यापर्यंत पोचवायला येते. लाडावलेली आहे, पण मनाने वाईट नाही.

गेल्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. आपली मुलं काय शिकली ते या आणि बघा म्हणे. मी गेले. डोक्यावरून चादर घेऊन मागच्या बाकावर बसले. शेजारी एक डॉक्टरीणबाई होती, ती सरकून बसली. मीही सरकले, म्हणजे तिला आणखी सरकावं लागलं.

एकेका पोराने उठून आपल्या घराबद्दल पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. बहुतेक सगळ्यांनी एकच बोलून दाखवलं असणार, कारण सगळे त्याच त्याच जागी अडत होते. मग हिचा नंबर आला. मला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण माझं नाव मला कळतं. तीनदा फातिमा म्हणाली. बांगडा म्हणाली. आणि सगळा वर्ग हसला. डॉक्टरीणबाईने वळून माझ्याकडे पाहिलं आणि तीही हसली. मुसा, मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. माझ्या घरी राहायचं, माझ्या हातचं खायचं, आणि चार लोकांत माझाच तमाशा करायचा. मी तिथून उठले. ती मागून पळत आली. घरापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

रोजा सोडून झाल्यावर म्हटलं, आता सांग काय बोललीस ते. अक्षर गाळू नकोस. ती म्हणाली ते असं. आमच्या घरात एकच खुर्ची आहे. ती माझ्या बाबांची आहे. त्यांनी मुंबईहून पाठवली, गावी आल्यावर बसायला म्हणून. ते आले नाहीत. माझी फुफी दर जुम्म्याला ती खुर्ची पुसते आणि पुसताना तिला शिव्या देते. बांगडा वाळवताना सुद्धा देत नाही इतक्या देते. पण खुर्चीवर कोणाला बसू देत नाही.

एवढ्यावर लोक हसले होते.

मी तिला विचारलं, हे सांगायला तुला दुसरं काही मिळालं नाही? तर म्हणाली, "सर बोलले, खरा सांगा. मना घरातला खरा येवढाच म्हायती हाय."  दुसऱ्या दिवशी मी ती खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवली. आता ती तिच्यावर बसून वाचते. तुला राग आला तर येऊ दे. तू काही तिच्यावर बसायला येत नाहीस.

आता तुझं पत्र.

तू लिहिलंस, हमिदाचे दिवस भरत आले, तिची आई आजारी, खोलीत दुसरं बाईमाणूस नाही, तेव्हा सईदाला शेवटच्या बोटीने पाठवून दे, कॉलेजचं पुढे बघू. पत्र चार पानी होतं. मी पहिल्या पानावरच ओळखलं.

पारख म्हणालास तू, मुसा. मी पारखते आहे, आणि मध्येच तू निकाल लावून मोकळा झालास. मग मला का बसवलंस? तिला का सांगितलंस, की फुफीने चांगलं लिहिलं तर शिकवेन? ती दोन आठवडे तोंडाला पाणी न लावता सडा चढते ती तुझ्या त्या एका वाक्यावर. मोहल्ल्यातल्या किती बायकांना मी त्यांच्या नवऱ्यांची असली पत्रं वाचून दाखवली. येतो म्हणायचं आणि पुढे बघू म्हणायचं. वाचताना मी मनात म्हणायचे, माझा भाऊ असा नाही. आता तेही म्हणता येणार नाही.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर लिहिते. पोरगी शिकण्यासारखी आहे. मी कोणाची स्तुती करत नाही हे तुला माहीत आहे. बाकी तुझी मर्जी. ती तुझी पोरगी, माझी नाही. बोट अठ्ठावीसला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगीन.

फातिमा

*

डोंगरी, मुंबई
ता. १६ जून १९५४

सईदास फुफीची दुआ.

तुझं कार्ड काल आलं. पास झालीस. बरं झालं. त्यात एवढं नाचण्यासारखं नाही, पण तुझा बाप ते कार्ड घेऊन चाळभर फिरला, जसे काही त्यानेच पेपर लिहिले होते. खालच्या पानवाल्यालासुद्धा दाखवलं. मी म्हटलं, आता गोदीत कामाला जाशील तेव्हा तुझ्या लाँचवरही चिकटव. तो चिकटवीलसुद्धा.

बंदरावर काय झालं ते तू दोन्ही कार्डांत विचारलं आहेस. तिथे बोलायला वेळ नव्हता आणि तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. आता सांगते.

तुझ्या बापाचं पत्र मी तुला सांगितलं त्या दिवशी तू एक अक्षर बोलली नाहीस. नुसतं बरं म्हणालीस आणि पेटी भरायला घेतलीस. मला तुझा इतका राग आला की काय सांगू. इंग्लंडातल्या लोकांनी राजाचं डोकं उडवलं हे मला उन्हात बसवून तासन्‌तास सांगितलंस आणि स्वतःवर वेळ आली तर कपड्यांच्या घड्या घालत बसलीस. मी मनात म्हटलं, हिला जायचंच असेल. मुंबई बघायची असेल. नाही तर कोण अशी गपचूप जाईल? जाऊ दे, दुरून डोंगर साजरे. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते त्यामुळे.

मग बंदरावर आपण उभ्या होतो. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या होड्यांपैकी सामानाचा पडाव आधी जातो आणि माणसांचा मागून, ही तिथली रीत. तुझी पेटी पहिल्या पडावातून गेली. आगबोट लांब उभी होती, वारा सुटला होता, आणि तू तिच्याकडे न बघता वर सड्याकडे बघत होतीस. तेव्हा मी विचारलं.

"तुना जावाचा हाय काय?"

"नाय."

"मग आदी का नाय बोललीस?"

"कोनी इचारलाच नाय, फुफी."

खरंच होतं. तुझ्या मामूने विचारलं नाही, बापाने विचारलं नाही, आणि मी शहाणी, दुसऱ्यांची पत्रं वाचून नाकं मुरडणारी, मीही विचारलं नाही. मी तुझ्या हातात घराची चावी दिली आणि माणसांच्या पडावात चढले. तुला वाटलं असेल म्हातारी पेटी परत आणायला चालली. मलाही तेच वाटत होतं. पडाव हाकणाऱ्या गनी तांडेलाला मी बोटीपर्यंत शिव्या देत होते, पेटी इतक्या घाईने का नेलीस म्हणून. तो म्हणाला, पेटी आता तळात गेली, ती मुंबईलाच निघणार. मी शिडीने वर गेले, तळात उतरले, पेटी शोधली आणि तिच्यावर बसले. बसल्यावर सगळं स्वच्छ दिसलं. पेटी घेऊन मी परत आले असते, तर दोन दिवसांत तुझ्या बापाची तार आली असती. तार आली की तो स्वतः एस.टी.ने आला असता. तो भांडायला येतो, भेटायला येत नाही. आणि इकडे एक बाई बाळंत होणार, तिच्यापाशी कोणी नाही, हे तर खोटं नव्हतं. बाळंतिणीला माणूस हवं होतं. ते माणूस सतरा वर्षांचंच असावं असं कुठे लिहिलं आहे?

भोंगा झाला तरी मी उठले नाही. तिकीट होतंच. रोजा बोटीवरच सोडला, हर्ण्याच्या एका बाईने खजूर दिली.

भाऊच्या धक्क्यावर तुझा बाप उभा होता. केस काळे केले आहेत त्याने. पेटी ओळखली, मग मला ओळखलं, आणि माझ्या मागे बघत राहिला.

"सईदा खय?"

"कालेजात."

तो तिथेच ओरडायला लागला. हमालांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, आधी पेटी उचल, माझा गुडघा दुखतो. ओरडणाऱ्या माणसाच्या हातात ओझं दिलं की त्याचा आवाज आपोआप उतरतो, हे ध्यानात ठेव, पुढे कामाला येईल.

इथली खोली बघितलीस तर तू हसशील. आपलं माजघर याहून मोठं. नळाला पाणी पहाटे येतं, त्यावर बायका भांडतात, आणि भांडण होईतो पाणी जातं. या मुंबईसाठी लोक गाव सोडतात. मासळी म्हणून जे विकतात ते मी मांजराला घातलं नसतं. खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींवर तुझ्या बापाचे कपडे असतात.

हमिदाला मी मनात काय काय म्हणत होते ते तुला माहीत आहे. अमिनाच्या जागी आलेली म्हणून मी तिचं नावसुद्धा नीट घेत नसे. इथे आले तर एक पोर दिसली, तुझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, सुजलेल्या पायांनी स्टोव्ह पेटवत बसलेली. मला बघून रडायलाच लागली. मी म्हटलं, रडू नको, मी काही चांगली बाई नाही, पण बाळंतपण मला येतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती सुटली. तुला बहीण झाली. काळी आहे, केस भरपूर आहेत आणि आवाज तर असा की गनीच्या पडावापर्यंत जाईल. तुझा बाप दहा-बारा दिवस तोंड पाडून बसला होता, मुलगा हवा होता म्हणून. तुझं कार्ड आलं तेव्हा तोंड वर आलं. तेव्हा मी त्याला ऐकवलं, ज्या कार्डावर उड्या मारतोस ते कोणाचं आहे, मुलाचं का?

काल तो गोड बोलायला आला. म्हणाला, आपा, झालं ते झालं, आता बोट सुरू झाली की तू जा आणि सईदाला इकडे पाठवून दे, हमिदाला सोबत होईल. मी तान्हीला तेल लावत होते. मान वर केली नाही.

"मी जान. तू तिला बोलवलास तं मीच परत येन. जितक्या येळा बोलवशील तितक्या येळा मीच येन."

 मग तो म्हणाला, कॉलेज एकवीस तारखेला उघडतं ना? मी म्हटलं, तुला माहीत आहे तर. आज सकाळी त्याने प्रोफेसरला पत्र लिहून टाकलं, पोरीला माझी परवानगी आहे म्हणून. शब्द मी सांगितले, सही त्याची. पुढे बघू असं त्यात कुठेही येऊ दिलं नाही.

आता नीट वाच. तुझे कपडे आणि पुस्तकं इथे आहेत. पुस्तकं राजिवड्याचा कोणी एस.टी.ने निघाला की त्याच्या हाती पाठवते. कपड्यांचं म्हणशील तर तुझ्या पेटीत माझ्या अंगाला होईल असं एक चिरगूट नव्हतं. मी हमिदाची लुगडी नेसते आणि ती घोट्याच्या वर येतात. तू माझी नेस. फडताळात वरच्या फळीवर दोन चांगली आहेत, निळं कॉलेजला ने. लांब होईल, खोचून घे. कोणी हसलं तर हसू दे. फणसळकर कोट घालून हिंडतो, त्याला कोण हसतं?

शेजारची साबेरा रात्री निजायला येते हे तू लिहिलंस, ते बरं केलंस. तिच्या नवऱ्याचं आफ्रिकेहून पत्र आलं की तू वाचून दाखव आणि उत्तरही तूच लिही. बाकीच्या बायकाही येतील, त्यांना परत लावू नको. एकच सांगते. बायका जे बोलतात ते लिही, आणि जे बोलत नाहीत ते विचारून घेऊन लिही. बंदरावर मी विचारलं ते मला फार उशिरा सुचलं होतं.

बोटी पाऊस सरल्यावर सुरू होतील. एस.टी.चे हाल माझ्या गुडघ्याला सोसायचे नाहीत, तेव्हा तोवर मी इथे अडकले. इथल्या कोणाला मी आवडत नाही आणि मलाही कोणी आवडत नाही, एक तान्ही सोडून. तू माझी काळजी करू नको आणि मला घ्यायला यायचं तर मनातही आणू नको. ईदच्या दिवशी तू एकटीने शेवया केल्यास आणि त्या करपल्या असं साबेराने कोणाकडून तरी लिहवून घेतलं आहे. तू लिहिलं नाहीस. मला बरं वाटावं म्हणून तू आत्तापासून गोष्टी लपवायला लागलीस का? लपवू नको. करपल्या तर करपल्या म्हणून लिही.

या वयात मला घर सोडून राहवत नाही. दुपारी तान्ही झोपली की पायरीवर बसावं आणि तू येऊन त्या परक्या देशातल्या मेल्या राजांचं सांगावं असं वाटतं. तुझी फार आठवण येते, सईदा. हे मी एकदाच लिहिते. पुन्हा लिहायला लावू नको.

एकवीस तारखेला पहिल्या बाकावर बस.

तुझीच,
फुफी